पहिला घाव कोण घालणार

तुकाबाईला माणसांचा तिटकारा आहे असं वाडीत सगळे म्हणत. तिच्या कानावर हे आलं तेव्हा ती म्हणाली, "तिटकारा यायला समोर मानूस तर पायजे!"

मुळशीच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर तिचं खोपट होतं. जात धनगराची, घरात शेरडं, आणि तोंडात अशी जीभ की पौडच्या बाजारात दलालसुद्धा तिच्याशी घासाघीस करायचं टाळत. नवरा एका उन्हाळ्यात कोकणात उतरला तो पुन्हा वर चढलाच नाही. कुणी कीव करायला आलं तर ती म्हणे, "गेला त्याचं काय न्हाई. जाताना चांगली घोंगडी घिऊन गेला, त्याचं वाईट वाटतं."

खोपटाच्या वर वाघजाईची राई होती. राईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा वाडवडलांचा दंडक. त्यामुळं आजूबाजूचे डोंगर कोळशाच्या भट्ट्यांनी भादरून निघाले तरी राई तेवढी काळीभोर उभी होती. तुकाबाई काही मोठी भक्तीण नव्हती. देवीला ती वर्षातून एकदा नारळ देई आणि वर ऐकवी, "पुरव आता वरीसभर."

पण एका चैत्रात तिचं एक करडू राईत शिरलं आणि ते शोधायला ती आत गेली. आत एका जुन्या बेहड्याच्या ढोलीचं तोंड चिखलानं लिंपलेलं, मधे बोटभर फट. फटीतून एक चोच बाहेर आलेली. आणि बाहेर फांदीवर एक मोठा पक्षी, चोचीवर चोच ठेवल्यासारखं शिंग असलेला, घशातून एकेक फळ काढून त्या फटीत भरवत होता. शहाणी माणसं त्याला धनेश म्हणतात. तुकाबाईनं त्याचं नाव शिंगचोच्या ठेवलं. मादी आत कोंडून घेते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर तिला बाहेरून पोसतो, हे तिला पुढं बघूनबघून कळलं. त्या दिवशी मात्र ती करडू विसरून खाली बसली. "आन आमचा," ती स्वतःशीच म्हणाली, "घोंगडी घिऊन पळाला." त्यानंतर दर चैत्रात ती तिथं जाऊन बसे. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्याच्या लायकीचं वाडीत कोण होतं?

वाडीचे पाटील हैबतराव. हा गृहस्थ परसाकडं जातानाही फेटा बांधून जाई. छप्पन साली त्यांच्या डोक्यात आलं की वाघजाईला कौलारू देऊळ बांधावं आणि दारावर आपल्या वडिलांच्या नावाची शिळा बसवावी. पैसा स्वतःचा घालायचा हा विचार त्यांना शिवलाही नाही. पुण्याचा एक कोळशाचा ठेकेदार राई विकत घ्यायला तयार होता. देवीची झाडं विकून देवीला घर! वाडीतल्या शहाण्यांनी माना डोलावल्या. फक्त देवीची परवानगी हवी होती.

परवानगी आणायचं काम नाथाकडं. नाथा तुकाबाईचा धाकटा भाऊ, देवीचा भगत. अंगानं मऊ, कामाला आळशी, आणि पाटलानं नुसतं 'नाथाबुवा' म्हटलं तरी विरघळणारा. त्यानं कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. उजवं फूल टपकन पडलं. लोकांनी चांगभलं केलं.

गर्दी गेल्यावर तुकाबाई मूर्तीजवळ गेली. डावं फूल तसंच होतं. तिनं ते नखानं उचकटलं. खाली भाताची शितं चेंगरलेली होती.

तिला राग आला नाही, शिसारी आली. चोरानं चोरी करावी, पण इतकी बावळट?

तोडीच्या दिवशी सगळी वाडी राईच्या तोंडाशी जमली. ठेकेदार पॉलिश केलेले बूट घालून आला होता. त्यानं सगळ्यात जाड झाड निवडलं, तोच बेहडा. चैत्रच चालू होता. वर ढोलीला फट होती आणि फटीच्या आत चोच.

पण त्यानं आणलेले कातकरी मजूर कुऱ्हाडी मांडीवर घेऊन बसून राहिले. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "देवी तुमची, तवा पयला घाव बी तुमचा. मग आमी तोडतो."

"हात्तिच्या!" पाटील हसले. "कौल झालाय, आता भ्या कसलं? कुशाबा, घे कुऱ्हाड."

कुशाबा मागं सरकला. "माज्या सुनेला दिवस हायेत, पाटील. मी न्हाई."

दुसऱ्याचा खांदा धरला होता. तिसऱ्याचा उपास होता. मिशीत भाकरीचा कण घेऊन तो उपास सांगत होता. कालपर्यंत देवीच्या परवानगीवर छाती बडवणारे गडी एकेक करून एकमेकांच्या पाठीमागं जाऊ लागले.

तुकाबाई दगडावर बसून हे बघत होती. ती मोठ्यानं हसली. "पाटील, देऊळ तुमच्या बाच्या नावाचं. मग घाव बी तुमीच घाला की!"

"तुके, गप. पाटलानं कुऱ्हाड धरायची रीत न्हाई."

"आन देवीची राई इकायची रीत हाय व्हय?"

ती उठली, एका मजुराची कुऱ्हाड उचलली आणि थेट भावासमोर जाऊन उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "देवी तुझ्याशी बोलली न्हवं? मग घे." आणि मग फक्त त्यालाच ऐकू जाईल असं, "डाव्या खांद्यावरची शितं अजून वाळली न्हाईत, नाथा."

तिला वाटलं होतं, तो कुऱ्हाड टाकेल आणि कबूल करून मोकळा होईल. भावाला इतकं तरी काळीज असेल. पण नाथाचं तोंड लालबुंद झालं. त्यानं कुऱ्हाड हिसकली, डोळे मिटले आणि सगळा जोर लावून घाव घातला. पातं मुळाच्या गाठीवर तिरकं लागून उसळलं आणि त्याच्याच नडगीत शिरलं.

रक्ताची चिळकांडी उडाली. "देवी कोपली!" कुणीतरी बोंबललं, आणि वाडी उतारावरून धूम पळाली. पाटलांचा फेटा वाटेत करवंदीला अडकला. तो घ्यायलाही ते थांबले नाहीत. मजूर मात्र शांतपणे उठले आणि कुऱ्हाडी खांद्यावर टाकून गेले. ठेकेदारानं जाताना एक शिवी हासडली. त्या अख्ख्या दिवसात तुकाबाईला पटलेलं ते एकच बोलणं.

तिनं पदर फाडला, दगडीपाला चुरगाळून जखमेत भरला आणि पाय आवळून बांधला.

"आक्का," नाथा कण्हला, "देवीनं मारलं गं मला."

"देवी कशाला मारतीया? कुऱ्हाड तिरकी लागली. जन्मात कधी लाकूड फोडलंयस का तू?"

नाथा कोपरावर उठला. "मग... लोकास्नी सांगशील?"

वर फांदीवर शिंगचोच्या येऊन बसला होता. चोचीत फळ धरून, खालचा गलका निवायची वाट बघत होता. तुकाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. खरं सांगितलं, तर हीच माणसं उद्या पुन्हा येतील, आणि घाव घालायला भाड्याचा कुणीतरी घेऊन येतील.

"न्हाई सांगणार," ती म्हणाली.

नाथा जन्माचा लंगडा झाला, आणि त्या लंगडेपणानं मोठा झाला. देवीनं खूण केलेला भगत म्हणून त्याच्याकडं भऱ्याहून, कासार आंबोलीहून लोक कौलाला येऊ लागले. दर जत्रेला देवीच्या कोपाची गोष्ट सांगितली जाई आणि दर वर्षी रक्त थोडं वाढे. जिनं जन्मात एक शब्द गिळला नव्हता ती तुकाबाई कडेला बसून ते ऐके. कधीकधी तिला स्वतःचीही किळस येई. पण राईवर कुऱ्हाड आली नाही.

साठ सालानंतर जंगलखात्याची जीप आली. साहेबानं राई राखीव झाल्याची पाटी आणली होती. राईचे रक्षक म्हणून हार घातला गेला तो हैबतरावांना. वाडवडलांची ठेव प्राणापलीकडं कशी जपली यावर त्यांनी भाषण केलं. बोलताना त्यांनी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले, आणि ते नाटक नव्हतं. तोवर त्यांना ते खरंच वाटू लागलं होतं.

मग साहेबानं तुकाबाईला सांगितलं, उद्यापासून शेरडं राईभोवतीच्या पट्ट्यातही आणायची नाहीत.

"बरं," ती म्हणाली. "पन पाटी पाटलाच्या घराकडं तोंड करून लावा, सायेब. शेरडास्नी वाचाया येत न्हाई, आन त्यांनी राई कधी इकली बी न्हाई."

साहेब दिलखुलास हसला. खेडवळ विनोद वाटला त्याला. पाटील हारातली फुलं कुस्करत बसले.

शेरडं निम्म्यावर आली. तुकाबाई नाचणी लावू लागली, रस्त्याच्या कामावर खडी उचलू लागली. नाथाची बायको वारल्यावर तो तिच्याच खोपटात राहायला आला. एका दुपारी भाकरी खाता खाता तो म्हणाला, "आक्का, मी आता थकलोय. येत्या जत्रेला खरं सांगून टाकतो. मोकळं हुतो."

तुकाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांनी त्याला काळीज फुटलं होतं, आणि तेही नको त्या वेळी. राई काही पाटीनं उभी नव्हती, देवीच्या कोपाच्या भीतीनं उभी होती.

"मोकळं व्हायचंय तर माज्याम्होरं हो," ती म्हणाली. "तितं तोंड उघडलंस तर दुसरा पाय मी तोडीन."

आणि तिनं त्याच्या भाकरीवर आणखी चटणी वाढली.