वाक्यात उपयोग करा

सरांनी मला फळ्याजवळ उभं केलं आणि वर्गाला विचारलं, "हिच्यासारख्या माणसाला काय म्हणतात?"

पाटोद्याची शाळा. सहावीचा वर्ग. मराठीचा तास. सरांनी मला काहीतरी विचारलं होतं, ते मला ऐकूच आलं नव्हतं. तेवढ्यावरून हे.

पोरांनी भराभर हात वर केले. बेध्यान. गाफील. वेंधळी. बावळट. एक जण येडी म्हणाला तर सर हसले. "तसं नको, पुस्तकात चालतील असे सांगा." सगळे शब्द त्यांनी माझ्या पाठीमागं फळ्यावर लिहिले. मग म्हणाले, "आता वाक्यात उपयोग करा."

कापड दुकानदाराची मुलगी पहिल्या बाकावर बसायची. ती उठली. "मेंढक्याची पोरगी बेध्यान आहे."

"छान," सर म्हणाले.

वर्ग हसला. कोण काय बोललं हे मला नीट कळलंच नव्हतं. सगळे हसतात म्हणून मीपण हसले. जागेवर जाताना वळून फळा वाचला. मधल्या सुट्टीत शेजारच्या पोरीनं बाकीचं सांगितलं. भाकरी तशीच फडक्यात बांधून ठेवली.

माझा डावा कान वाहायचा. आदल्या साली मेंढरांच्या मुक्कामावर ताप आला होता, त्यातनं हे मागं लागलं. उजव्या कानानं थोडं यायचं. समोरचा माझ्याकडं तोंड करून बोलला तर बरंच कळायचं. सर फळ्याकडं तोंड करून बोलायचे. मी ओठ बघून बघून शिकत होते. संध्याकाळी डोळे ठणकायचे. त्या वर्गात माझ्याइतकं ध्यान देऊन कुणी बसत नसेल. पण कानाचं सांगायची लाज वाटायची. वास येतो म्हणून पोरी आधीच नाकाला ओढणी लावायच्या.

आई आणि आबा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन लांब जायचे, ते पाऊसकाळाच्या तोंडाला परतायचे. मी आत्याकडं राहायची. आत्या दिवसभर कामाला. घरात बोलायला कुणी नाही. शाळेत होतं ते असं.

शाळेतलं कळल्यावर आत्यानं निरोप धाडला तसा आबा मुक्कामावरून आला. खांद्यावर घोंगडी, चपला ऑफिसच्या बाहेर काढलेल्या. सर आत मोबाईल बघत बसले होते. मी आबाच्या मागं, उजवा कान आत करून उभी होते.

"गुर्जी, लेकीचा कान वाहतुया. तिला ऐकू येत न्हाई. जरा म्होरं बसवा."

"बोला, ऐकतोय," सर म्हणाले. नजर मोबाईलमध्येच.

आबानं परत सांगितलं, पहिल्यापासून. तेवढ्यात कापड दुकानदार आला. सर उठून उभे राहिले. खुर्ची आली, चहा आला. दोघांचं बोलणं संपेपर्यंत आबा दाराशी उभा. मग सरांना आठवण झाली. "हां, काय म्हणत होता? पोरगीचं ध्यान नाही हो तुमच्या. मेंढरांमागंच बरी ती."

आबानं हात जोडले. फाटकापाशी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "सांगितलंय म्या. ऐकलं आसंल त्यांनी." आणि जीपला लटकून गेला.

मी सगळं पाहिलं होतं. त्यांनी ऐकलं नव्हतं. माझ्यासाठी फळा भरून शब्द होते. त्यांच्यासाठी वर्गात कुणी हात वर केला नसता.

दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला मी उठले.

"सर, वाक्य सांगू?"

त्यांनी मान हलवली.

"काल माजा बाप बोलत हुता, आन सर बेध्यान हुते."

कुणी हसलं नाही. सरांनी खडू खाली ठेवला. "बाहेर," एवढंच म्हणाले. हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला.

वर्ष संपेपर्यंत त्यांच्या तासाला मी व्हरांड्यात बसले. शेजारच्या पोरीनंही बोलणं सोडलं. पोरी पाण्याच्या टाकीवर मला बघून मागं फिरायच्या. आत्या म्हणाली, "कशाला बोललीस गं? गप ऱ्हायली आसतीस तर?" व्हरांड्यात बसून पुस्तक आपलं आपण वाचलं. पास झाले. डावा कान मात्र गेला तो गेलाच.

आता मी शिलाईचं काम करते. मागच्या महिन्यात आबाला छातीत दुखतं म्हणून एका मोठ्या दवाखान्यात नेलं. टेबलामागचा माणूस खाली बघतच म्हणाला, "काय होतंय?" आबा लगेच हात जोडून सांगायला लागला. मी त्याचा दंड धरला.

"थांब आबा. त्यांना वर बघू दे."

रांग तटली. मागून एक जण ओरडला, "ओ बाई, भैऱ्या हाव का?"

"हाय," मी म्हणाले. "एका कानानं."

टेबलामागच्या माणसानं वैतागून मान वर केली. माझ्याकडं पाहिलं, आबाकडं पाहिलं. तेव्हा मी आबाचा दंड सोडला. "आता सांग."

घरी येताना आबा माझ्याशी बोलला नाही. त्याला लई लाज वाटली होती. मला उद्धट म्हणणारे आहेत, आगाऊ म्हणणारे आहेत. सोबत यायला कुणी तयार नसतं. आबाला घेऊन मी एकटीच जाते आणि एकटीच उभी राहते. रांग खोळंबो, माणसं तुटोत. समोरच्यानं तोंडाकडं बघितल्याशिवाय माझ्या माणसाला मी त्याचं दुखणं सांगू देणार नाही.