वैशालीच्या फाईलवरचा अंगठा

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मला बोलावतात, कारण मी पाया पडत नाही. मी पहिलं विचारते – सकाळपासून काही खाल्लंस का? निम्म्यांचं अंगातलं दोन घास पोटात गेल्यावरच उतरतं. शाळा माझी चौथीपर्यंत, पुढचं वाचायला-लिहायला मुलांच्या पुस्तकातून आपली आपण शिकले, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण जे झालं ते तसंच लिहिते आहे. वाढवून सांगायला त्यात माझा काही मोठेपणा नाही... वाचाल तेव्हा कळेल.

तीन वर्षं झाली. आमचं औरंगाबाद – आता संभाजीनगर, जिभेला अजून वळण पडलं नाही – तिथं गारखेड्यात एक बाळंतपणाचा दवाखाना आहे. नाव लिहीत नाही, त्या लोकांची काही चूक नाही. माझी लेक वैशाली पहिलटकरीण, रीतीप्रमाणं सातव्या महिन्यात माहेरी आलेली. सासर सोयगावचं, जावई नाशिकला नोकरीत.

आली त्याच दिवशी मला म्हणाली, "आई, मी पाठीतलं इंजेक्शन घेणार आहे. त्यानं कळा सोसाव्या लागत नाहीत. डॉक्टरांशी बोलून झालंय."

"पाठीत? मणक्यात सुई? जन्माची कंबर जाईल, वैशे!"

"अगं कंबर बाळंतपणानंच दुखते, सुईनं नाही. मॅडमनी नीट समजावून सांगितलंय मला."

"बघू," मी म्हटलं. आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय ते पोरांना लहानपणापासून माहीत. तरी ती हसली. तिला वाटलं, आई तयार होईल.

दिवस भरले तसं एका गुरुवारी सकाळी नऊला तिला भरती केलं. साडेदहापर्यंत ती बरी बोलत होती, मग कळांनी जोर धरला. माझी पोरगी सोशिक, लहानपणी हात मोडला तरी रडली नव्हती... ती अशी ओरडायला लागली की व्हरांड्यातली माणसं मान फिरवून बसली.

तेवढ्यात भुलीच्या डॉक्टर मॅडम फाईल घेऊन बाहेर आल्या. तरुणच होत्या, बोलायला शांत.

"काकू, वैशालीची सही झालीये. खरं तर तिची पुरते. पण घरच्या एकाची घेतल्याशिवाय आमच्याकडं पुढं जात नाहीत, मागून लोक भांडायला येतात. इथं करा."

"पाय गेले-बिले तर?"

"तेवढ्यापुरते जड होतील, नंतर मोकळे. कमरेत बारीक नळी घालायची, त्यातून औषध. ती पूर्ण शुद्धीवर राहील, जोरही लावेल. आम्ही शेजारीच असतो. पण ठरवा लवकर, उशीर झाला की मग उपयोग नाही."

पेन माझ्या हातात होतं. आणि मला काय सुचलं असेल? मी म्हटलं, "थांबा, तिच्या सासरी विचारते." लेक दिली की ती त्यांची, माझ्याकडं बाळंतपणापुरती आलेली. उद्या काही झालं तर म्हणतील, आम्ही धडधाकट सून पाठवली होती.

जावयाला फोन लावला. तो निघाला होता नाशिकहून, वाटेत होता. म्हणाला, "आई, मम्मीला विचारून घ्या ना एकदा."

मग विहीणबाईंना लावला.

"कशाला हो ते?" त्या म्हणाल्या. "आपल्या टायमाला व्हतं का आसलं काही? मोबाईल बघून बघून लई नाजूक झाल्यात पोरी. तुमचं तुम्ही बघा, पण मला विचाराल तर नाय."

खरं सांगू? मला बरं वाटलं. नाही म्हणायचं ओझं दुसऱ्या कुणी उचललं.

मी फाईल परत दिली. लेबर रूमचं दार अर्धं उघडं होतं. वैशालीनं बघितलं.

"आई, कर ना गं सही... आई!"

आणि मी काय बोलले ते लिहिताना अजून हात थांबतो. मी म्हटलं, "आम्ही तीन-तीन काढली, मेलो का? देवाचं नाव घे."

मग थर्मास घेतला आणि चहा आणायचं निमित्त काढून खाली गेले. चहाच्या टपरीवर उगीच उभी राहिले. तिचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून, दुसरं काय. पाऊण तास झाला असेल. दुपारचे बारा वाजून गेले होते, लख्ख ऊन. वर आले तर व्हरांडा शांत. आतून आवाजच नाही.

मला वाटलं, संपली माझी पोरगी. दार ढकलून आत घुसले... तर वैशाली कुशीवर पडून सिस्टरशी बोलत होती. तोंडावर घाम वाळलेला.

"काय झालं? कळा थांबल्या का?"

"थांबल्या कशाला," सिस्टर म्हणाली, "इंजेक्शन दिलं ना. तुमच्या घरच्या आजींनी अंगठा दिला की."

"कोण आजी?"

मॅडम हात पुसत म्हणाल्या, "लुगड्यातल्या आजी. तुम्ही गेल्यावर आल्या. म्हणाल्या, मी हिच्या आईची सासू, घरात मी मोठी. मी म्हटलं, मोठ्यांनीच हो म्हटलं तर प्रश्न मिटला."

मी वैशालीकडं बघितलं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "आजी आली होती आई. दारात उभी राहिली न् म्हणाली, 'लेकराला लई झालं. सांगा, अंगठा कुठं टेकवू?' ... त्या कळांत मला दुसरं काही सुचलंच नाही, वाटलं, तूच पाठवलीस."

माझ्या सासूबाईंना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

तीनच्या सुमारास मुलगी झाली. वैशाली हसत हसत जोर लावत होती, असं सिस्टर सांगत होती. संध्याकाळी मी ती फाईल मागून घेतली. नातेवाईक असं छापलेलं, पुढं सिस्टरच्या अक्षरात 'आजी', आणि खाली जांभळ्या शाईचा अंगठा. त्या ठशाच्या मधोमध एक तिरपी पांढरी रेघ, शाई न लागलेली.

सासूबाईंच्या अंगठ्यावर विळ्याचा जुना व्रण होता. निराधारच्या पगाराच्या कागदांवर मीच त्यांचा अंगठा धरून उमटवायची, दर वेळी. ती रेघ मी झोपेतसुद्धा ओळखीन.

मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "काकू, शाई नीट लागली नसेल. दुसऱ्या पेशंटच्या कुणी आजी असतील, गोंधळात आल्या." असंही असेल. त्या दिवशी आणखी दोघीच भरती होत्या, मी दुसऱ्या दिवशी दोघींच्या घरच्यांना विचारलं. एकीसोबत नुसता नवरा होता, दुसरीसोबत बुरख्यातली आई आणि बहीण. लुगड्यातलं कुणी नाही. वैशाली कळांनी बेभान होती म्हणावं, तर मॅडम आणि सिस्टर थोड्याच बेभान होत्या?

आता माझं दुखणं ऐका. वैशालीच्या वेळी मी गावातल्या घरात दीड दिवस अडले होते. तेव्हा ह्याच सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "पदराचा बोळा कोंब तोंडात, भाईर पाव्हणे बसलेत." ते मी जन्मभर विसरले नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, पोरांना सांगितलं, त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांच्या तोंडावरही एकदा सांगितलं. त्या भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. मी म्हणायची, दगड आहे ही बाई.

आणि त्या दिवशी खाली टपरीवर, हातात थर्मास घेऊन, कोण उभं होतं?

हे काय होतं, मला अजून सांगता येत नाही. कुणाला कळलं असेल तर सांगा, मी वाद घालणार नाही. वैशालीनं मला कधी दोष दिला नाही. सणावाराला येते, माझी कंबर चेपून देते, तिची स्वतःची एकदम ठणठणीत आहे.

आता तिला दुसऱ्यांदा दिवस गेलेत. ह्या वेळी नाशिकलाच करायचं म्हणते, सगळं बोलून ठरवून ठेवलंय, सही नवरा करणार. मागच्या आठवड्यात फोनवर मी विचारलं, "मी कधी येऊ गं? दवाखान्यात कुणीतरी आपलं माणूस लागतं."

गोड आवाजात म्हणाली, "ये की आई. पाचवीच्या पूजेला ये."