वसुधाताई आणि खांदेश्वरचा तित्तिर

वसुधाताईंची आणि माझी पहिली भेट भांडणातच झाली म्हणायला हरकत नाही. खांदेश्वरला आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. सोसायटीमागच्या माळावर पायाखालून काहीतरी फर्रकन उडालं आणि मी म्हणालो, "लावा." पुढे चाललेल्या बाई थांबल्या. "नाव राहू द्या. दिसलं काय, ते सांगा." मला त्यांचा रागच आला.

टेलिफोन खात्यातली नोकरी सांभाळून ताईंनी आम्हा दहा-बारा शेजाऱ्यांना रविवारी पक्षी पाहायला शिकवलं. गवतात दडणारे हे पक्षी दिसतात जेमतेम क्षणभर. मुठीएवढा, सरळ उडून लगेच गवतात उतरला, तर लावा. कोंबडीहून लहान, शेपटीच्या कडा तांबूस, तर तित्तिर. मान आणि पाय लांब, पंखांची फर्रफर्र नाही, तर तणमोर. जे दिसलं नाही ते मनाने जोडायचं नाही, असा त्यांचा कटाक्ष.

हा कटाक्ष आम्हाला महागात पडला. माळावर भराव घालायचं ठरलं होतं. कुणीतरी तिथे तणमोर पाहिल्याचं सांगितलं. हा पक्षी दुर्मीळ. तो खरंच असला तर काम थांबणार होतं. पाहणीला वनखात्याचे एक अधिकारी आले आणि ताईंचा शब्द अखेरचा मानायचं त्यांनी कबूल केलं. मुरुमाचे डंपर रांगेने उभे होते. "साहेब, गाड्या खोळंबल्यात, डिझेल जळतंय," ठेकेदाराचा माणूस सारखा म्हणत होता.

आम्ही ओळीने गवत तुडवत निघालो. अर्धा माळ संपला, काही नाही. मग ताईंच्या समोरूनच एक पक्षी उठला आणि बांधापलीकडे दिसेनासा झाला. मला नुसता तपकिरी रंग दिसला.

"मॅडम, तणमोर ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो म्हणा ना, ताई," मी हळूच म्हणालो.

त्या बांधाकडे इतका वेळ पाहत राहिल्या की मला आशा वाटू लागली.

"तित्तिर," त्या म्हणाल्या. "शेपटीची कड तांबूस होती."

उरलेला माळही आम्ही तुडवला. दुसरं काही उठलं नाही. दुपारी पहिला डंपर रिकामा झाला.

मी ताईंशी बोलणं टाकलं. काही दिवसांनी त्याच आमच्या घरी आल्या, डब्यात थालीपीठं घेऊन. खिडकीतून भराव दिसत होता. "मलाही तणमोरच हवा होता हो," एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. माझा राग गेला असं नाही, पण त्या दिवसापासून ताई मला घरच्या वाटू लागल्या.

आज त्या साठ वर्षांच्या होत आहेत. उरणच्या रस्त्याला एक माळ अजून शिल्लक आहे. तिथेही तणमोर दिसल्याचं म्हणतात. पुढच्या महिन्यात पाहणी आहे आणि त्याच अधिकाऱ्यांनी निरोप धाडलाय, "त्या मॅडम 'आहे' म्हणाल्या, तर मी काम थांबवतो." ताईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो, त्यांची नजर अशीच तेज राहो, अशी प्रार्थना मी थोड्या स्वार्थानेच करतो आहे. आणि तिथे पुन्हा तित्तिरच उठला, तर ताई तित्तिरच म्हणतील, या विचाराने मला आतापासूनच झोप लागत नाही.