काळ्या कडेचं कार्ड

आंघोळ करताना डाव्या छातीत गाठ हाताला लागली. आता हे कुणाला तरी सांगावं लागणार, या विचारानेच गाठीपेक्षा जास्त धडकी भरली.

आमच्या घरी कशाचंही अडलं की सून मोबाईलला विचारते. भातावरचा करपा असो नाहीतर एसटीची वेळ, तोंडाने बोलायचं की तो सांगतो. ती पाण्याला गेली तशी मी मोबाईल घेऊन घरामागे गेले आणि कुजबुजले. त्याला कळेना. जरा मोठ्याने म्हटलं, तर बाईच्या आवाजात तोच खणखणीत बोलायला लागला. सुरुवातच कॅन्सरपासून. बंद कसा करतात ते येईना, म्हणून पदरात गुंडाळून दाबून धरला.

पुढे सून म्हणाली, "आई, माझ्या मोबाईलवर ह्या हॉस्पिटलांच्या जाहिराती कशा काय येतात? मी तं कायच शोधलं नाय."

"मला काय कळतंय त्यातलं," म्हणत मी सूप हातात घेतलं. तांदळात खडे नव्हतेच, तरी पाखडत बसले.

मुरबाडला बाजाराला गेले की मी वाचनालयात जाते. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण वाचायची सवय राहिली. तिथली पुस्तकं कुलपाच्या कपाटांत असतात. बाहेर लाकडी खण, त्यात विषयवार कार्डं. कार्डं चाळायची, हव्या पुस्तकाचा नंबर चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी टेबलावर ठेवायची. पुस्तक मिळतं, तोंड उघडावं लागत नाही. म्हणून तर मी तिथे टिकले.

गाठ लागल्यानंतरच्या बाजाराला जाताना जीपमध्ये मी दंड अंगाशी आवळून बसले होते. पोचले तर खण व्हरांड्यात काढलेले, सुतळीने बांधलेले, रद्दीत जायला तयार. आत टेबलावर कॉम्प्युटर आला होता. मी सुतळी सैल करून आरोग्याचा खण ओढला. डोळे, दात, मग स्त्रियांचे आजार. दातांचं कार्ड पांढरं होतं. स्त्रियांच्या आजारांच्या कार्डाची वरची कड बोटांनी काळी पडलेली. माझ्याआधी किती जणी इथे येऊन थांबल्या असतील! जरा धीर आला.

कार्ड हातात घेऊनच आत गेले आणि नंबराची चिठ्ठी ठेवली. टेबलावरच्या मुलीने ती पाहिली. "मावशी, जुने नंबर गेले आता. नाव सांगा, नायतर विषय सांगा. इथं टाकला की लगेच येतं."

मी चिठ्ठीच पुन्हा पुढे सरकवली. बाजूला पेपर वाचत बसलेल्या दोघांपैकी एक जण म्हणाला, "सांगा ना बाई, कॉम्प्युटर काय चावत नाय."

"चावला तर आमी आहोत," दुसरा हसला.

स्वयंपाकाचं सांगावं आणि निघावं, असं ओठांवर आलं होतं. कार्ड अजून हातातच होतं. त्या काळ्या कडेकडे पाहताना वाटलं, त्या साऱ्या जणींनी पुस्तक वाचून पुढे काय केलं असेल? माझ्यासारख्याच घरी जाऊन गप्प बसल्या असतील तर? मघाचा धीर गेला.

मी टेबलावर वाकले. पुस्तकाचं नाव काही तोंडातून निघेना. म्हणाले, "मला छातीत गाठ आहे."

तिची बोटं थांबली. ती उठली आणि त्या दोघांना म्हणाली, "काका, तुमी पेपर बघा." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "पुस्तक मागनं नेऊ. आधी डॉक्टरीणबाईंकडं चला, मी येते."

निघताना मी कार्ड खणात जागच्या जागी लावलं. "हे खण एवढ्यात देऊ नका," एवढंच तिला म्हणाले. "बघते," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी गाठीतून सुईने नमुना काढून तपासायला पाठवलाय. रिपोर्ट यायचा आहे. सुनेला आता सगळं माहीत आहे. ती मोबाईलला विचारायला लागली की मी तिचा हात धरते. मोबाईल वाजला की रिपोर्टचाच असेल म्हणून हातातलं काम टाकून उठते. आणि मधेच मनात येतं, रद्दीवाला येऊन गेला असेल का?