पाय लागल्यावर

डोंगरकडा गावच्या मैदानावर मुलींना फुटबॉल शिकवायला लागले त्या पहिल्याच दिवशी मी जाहीर केलं, की इथं कुणी कुणाच्या पाया पडायचं नाही, माझ्या तर नाहीच. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले आहे; जाहीर केल्याशिवाय मला कामाला सुरुवात करता येत नाही. बारा मुलींनी माना डोलावल्या.

मग एकीला एक असा सराव सुरू झाला. चुन्यानं आखलेली दहा पावलांची पट्टी. एकीनं बॉल घेऊन पलीकडच्या रेघेवर जायचं, दुसरीनं तिला अडवायचं. अडवणाऱ्यांत सगळ्यात चपळ होती तांड्यावरची एक मुलगी, नुकतीच दहावी झालेली. तीन आठवड्यांनी, रविवारी, हिंगोलीला जिल्ह्याच्या संघाची निवड होती, आणि निवडलेल्यांना वसतिगृहात राहून शिकता येणार होतं. तिच्या वडिलांनी मला एकाच वाक्यात सांगितलं होतं, "निवडली तर अकरावी, न्हाई तर घरी."

अडचण अशी, की बॉल काढताना तिचा पाय दुसरीच्या पायाला लागला की ती थांबायची, वाकायची आणि त्या मुलीच्या गुडघ्याला हात लावून कपाळाला लावायची. कधी गुडघा तोवर निघून गेलेला असायचा. मग ती हवेलाच नमस्कार करायची, आणि बॉल रेघेपार.

मी तिच्याशी पाय आणि डोकं यांच्या समानतेवर बोलले. वीस मिनिटं.

"पटतंय ताई," ती म्हणाली. "पण पाय लागला की हात जातोच. मी कुठं पाठवते त्याला?"

रात्रभर जागण्याइतका हा प्रश्न मोठा नव्हता, तरी मी एक पत्रक लिहिलं. आठ मुद्दे. सकाळी ते बाराही जणींना वाटून दिलं. वाऱ्यानं तिचं पत्रक खाली पडलं, त्यावर तिचा पाय पडला. तिनं ते उचललं आणि कपाळाला लावलं.

शेवटी मी चिडून म्हणाले, "मग पाय लागूच देऊ नकोस."

हे तिनं मनावर घेतलं. पुढचे पंधरा दिवस ती कुणावर तुटून पडलीच नाही. हातभर अंतर ठेवून, अंग तिरकं करून, बॉलवर नजर लावून मागं मागं सरकायची.

"अगं ये की अंगावर!" बॉलवाली वैतागायची. "काहून नुस्ती मागं जाऊन राहिलीस?"

"तू सोड, मग घेते."

आणि बॉल पायापासून वीतभर लांब गेला, की तो हिच्याकडं असायचा. अडवण्याची खरी रीत हीच. मी मात्र तोवर त्यांना झेप घ्यायला शिकवत होते. ही माहिती मी मुलींना दिली नाही.

निवडीच्या रविवारी तिच्या वाट्याला अडवायला चार जणी आल्या. तिघींचा बॉल तिनं अंगाला अंग न लावता घेतला. चौथी कुरुंद्याची होती, वेगाची. तिच्या घोट्याला हिचा पाय लागलाच. ही थांबली, वाकली. कुरुंद्याची पण थांबली आणि हिचे हात धरून म्हणाली, "असू दे, असू दे." बॉल एकटाच बाहेर गेला.

निवड करणाऱ्या सरांनी शिट्टी वाजवली. "हे कुणी शिकवलं?"

नमस्काराविरुद्धचे आठही मुद्दे मला पाठ होते. "सर, तीन बॉल घेतलेत तिनं," मी म्हणाले. "तेवढे धरा. चौथा कुणाचाच नाही."

"तीन धरलेत," ते म्हणाले आणि वहीत लिहायला लागले.

दुपारी यादी वाचली. तिचं नाव सातवं होतं. तिनं माझा फोन मागितला, वडिलांना लावला आणि बोलायच्या वेळी माझ्याच हातात दिला.

"झाली निवड," मी म्हणाले.

पलीकडून वडील म्हणाले, "व्हय का. तिथं हॉस्टेलला बादली आपली न्यावी लागते का, इचारा जरा."