डिक्शनरीतल्या पानाखालची सही

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत नोकऱ्या कमी आणि किस्से जास्त जमतात. अमरावतीतल्या आमच्या अभ्यासिकेत इंग्रजीची एकच जाडजूड डिक्शनरी होती. रिवाज असा, की ज्याचं पान पाठ झालं त्याने खाली पेन्सिलने सही करायची. पहिल्या चाळीस पानांवर माझी एकट्याची सही होती. काय रुबाब होता माझा!

मग बडनेऱ्याहून नाजिम यायला लागला. महिन्याभरात माझ्या प्रत्येक सहीशेजारी त्याचा ‘ना’ उगवला.

*

एकदा टपरीवर घोट घेऊन नाजिम म्हणाला, “काका, चहा एकदम इन्व्हिगोरेटिंग!”

काका घाबरले. “कावून बाप्पा, साखर कमी पडली काय?”

“नाही काका, तरतरी आली!”

दुसऱ्या दिवशी टपरीवर पाटी लागली, ‘इन्व्हिगोरेटिंग चहा’. शब्द मलाही येत होता हो! पण सुचला त्याला.

*

नाजिम आमच्या घरी जेवायला आला. आईने त्याच्यापुढे विम्याचं इंग्रजी पत्र धरलं. त्याने घास गिळता गिळता अख्खं पत्र वऱ्हाडीत सांगून टाकलं.

आई म्हणाली, “आमच्या प्रफुल्यालेबी शिकव जरा. सहा महिने झाले, हे पत्र वाचूनच राहिला थो!”

त्या दिवशी जी जळजळ झाली, तिचं खापर मी ठेच्यावर फोडलं.

*

अभ्यासिका चालवणाऱ्या सरांनी जाहीर केलं, “अकोल्याच्या नव्या बॅचला इंग्रजी शिकवायला तुमच्यातलाच एक पाठवतो. महिन्याने तोंडी परीक्षा.”

मला ती जागा हवी होती. त्याहून जास्त, ती नाजिमला मिळायला नको होती. सगळे चहाला गेले तसा मी डिक्शनरी घेऊन बसलो आणि एक शब्दही न वाचता शंभर पानांवर सह्या ठोकल्या. पुढच्या आठवड्यात आणखी शंभर. नाजिम पानं उलटायचा, माझ्याकडे बघायचा, आणि मान खाली घालून वाचत बसायचा. त्याचा उतरलेला चेहरा पाहून मला फार बरं वाटायचं.

*

परीक्षेला सरांनी डिक्शनरीच उघडली, तीही थेट दोनशेव्या पानावर. “जिथं दोघांच्या सह्या आहेत, तिथलंच विचारतो.”

नाजिमने धडाधड उत्तरं दिली. मी पंख्याकडे पाहत होतो.

सर म्हणाले, “प्रफुल्ल, सही तर तुझीच दिसते.”

“हो सर.”

“छान आहे. अक्षर छान आहे.”

*

अकोल्याला जायच्या आदल्या दिवशी नाजिम पेढे घेऊन आला. मला कडकडून मिठी मारली.

“प्रफुल्या, तुह्यामुळं झालं गड्या! मी त निम्म्यातच सोडून देणार होतो. पण जिथं पान उघडावं तिथं तुही सही! मले वाटे, हा कुठच्या कुठं पोचला, अन् मीच मागं राहून गेलो. लय जळलो बे तुह्यावर!”

माझ्या तोंडात पेढा होता, म्हणून मी नुसती मान हलवली.