साहेबांच्या मानाचे अर्धविराम

ठाण्याच्या ज्या सरकारी कचेरीत मी उमेदवारी केली, तिथे इंग्रजी पत्रात स्वल्पविराम कोणालाही मिळे. अर्धविराम मात्र फक्त वरिष्ठांना. हसू नका. ही रीत तिथे अगदी पक्की बसलेली होती. तालुक्याच्या मामलेदाराला पत्र जायचं असलं की नुसते स्वल्पविराम. कलेक्टरसाहेबांना एखाददुसरा अर्धविराम. आणि कागद मुंबईला थेट सेक्रेटरीसाहेबांकडे जायचा असला की दर ओळीत एक, वर कुठे जागा राहिली असेल तर आणखी एक.

ही रीत आमच्या हेड कारकुनांनी घातली होती. त्यांची उभी हयात मोडी लिहिण्यात गेलेली. मोडी लिहिणारा माणूस आधी पानभर रेघा ओढून घेतो, मग त्या रेघांना अक्षरं लटकवत जातो. हात उचलायचा नाही, मध्ये थांबायचं नाही. विरामचिन्हं तिथे औषधालाही नसत, पण पत्राच्या सुरुवातीला मायने असत. धाकट्याला एक, बरोबरीच्याला दुसरा, थोराला चांगला अडीच ओळींचा. उतारवयात इंग्रजी अंगावर पडलं तेव्हा त्यांना कळलं की इथे लहानथोर सगळ्यांना एकच 'सर'. थोरामोठ्यांची अशी तीन इंग्रजी अक्षरांत बोळवण करणं त्यांच्या जिवाला लागलं. मग त्यांच्या चाणाक्ष नजरेने एक गोष्ट टिपली: सरकारी छापील कागद जितका वरून आलेला, तितके त्यात अर्धविराम जास्त. झालं, उलगडा झाला. मायन्याची सोय इंग्रजांनी इथे करून ठेवली होती तर.

मी ते सगळं निमूटपणे शिकलो, कारण मला कायम व्हायचं होतं. माझं लग्न झालेलं होतं, पण बायको कल्याणला माहेरीच होती. सासऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. "जावईबापू कायम झाले की मुलगी पाठवतो." सणावारी मी कल्याणला जाई, पाटावर बसून चार पुरणपोळ्या हाणी आणि दाराआड वाजणाऱ्या बांगड्या ऐकून परत येई. वडीलधाऱ्यांसमोर बायकोने नवऱ्याशी बोलायची चाल नव्हती. लग्नात तिने घेतलेला उखाणा सोडला तर तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता. मला ती नोकरी हवी होती ती त्या आवाजासाठी. तेव्हा हे कोणाला सांगायची सोय नव्हती, आता म्हातारपणी लाज कसली?

अशात नवे साहेब आले. त्यांनी हुकूम काढला की उमेदवारांची परीक्षा ते जातीने घेणार. मला विषय मिळाला तो कळव्याच्या बाजूच्या मिठागराचा. भरतीच्या पाण्याने तिथला बांध फुटला होता, त्याचा वृत्तांत इंग्रजीत लिहायचा. लिहायला बसण्याआधी हेड कारकुनांनी मला बाजूला घेतलं.

"हे बघ बाळा," ते म्हणाले, "कागद खुद्द साहेबांच्या हातात पडणार आहे. हात आखडू नकोस."

मी हात आखडला नाही. त्या मिठागरात मीठ शिल्लक राहिलं नसेल, पण माझ्या पानावर अर्धविरामांचा सुकाळ होता.

साहेब माझ्यादेखत मोठ्याने वाचायला लागले. दोन शब्द झाले की अडत, पुढे जात, पुन्हा अडत. शेवटी त्यांनी कागद टेबलावर ठेवला. ते मराठी शिकलेले होते, आणि बोलत तेही बरं.

"हे एवढे सगळे कोणासाठी?"

हेड कारकून दाराशीच हात बांधून उभे होते. त्यांच्याकडे बोट दाखवलं असतं तर मी सुटलो असतो, पण त्यांच्या चेहऱ्यावर असं कौतुक होतं की बोट उचलेना.

"साहेब, आपल्यासाठी," मी म्हणालो. "आमच्यात थोरांना मायना लांब लिहितात. इंग्रजीत तशी जागा नाही."

साहेबांनी तांबडी पेन्सिल उचलली आणि एकेक अर्धविराम खोडायला घेतला. दर फटकाऱ्यासरशी कल्याण एकेक कोस लांब जात होतं. फावडी, पहारी, टोपल्या अशी जंत्री होती तिथे त्यांनी स्वल्पविराम घातले. वाचणाऱ्याला जरा दम घ्यावासा वाटेल तिथे घातले. शेवटी एकच अर्धविराम उरला. बांध फुटला; मीठ खाडीत गेलं.

त्यावर पेन्सिल टेकवून साहेब म्हणाले, "ही दोन्ही वाक्यं आपल्या पायांवर उभी आहेत. पण त्यांना एकमेकांपासून लांब ठेवू नये. इथे हा हवा."

हे कोणीतरी माझ्या सासऱ्यांना सांगायला हवं होतं, असं तेवढ्या धास्तीतही माझ्या मनात आलं.

"एवढा मान मला पुरे," साहेब म्हणाले, आणि दाराकडे वळून, "बाकी इंग्रजी स्वच्छ आहे. पहिल्या तारखेपासून याला कायम करा."

बाहेर आल्यावर हेड कारकुनांनी माझी पाठ थोपटली. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"पाहिलंस? मान पोचला. माणूस विनयी म्हणून बाकीचे परत केले."

सासऱ्यांनी शब्द पाळला. पुढच्याच महिन्यात ते स्वतः मुलीला घेऊन आले, तळ्याजवळच्या माझ्या दोन खोल्या पाहून, चूल नीट पेटते ना ते तपासून, संध्याकाळी परत गेले. घरात आम्ही दोघंच उरलो. ती आमटी ढवळत होती, मी उगाच दौत पुसत होतो.

मग तिनेच विचारलं, "कचेरीत इकडून काय करणं होतं?"

आवाज मी समजलो होतो त्यापेक्षा जाड होता, आणि मला तो फार आवडला. मी सांगायला लागलो. मायने, मिठागर, तांबडी पेन्सिल, सगळं. 'मान पोचला' इथवर आलो तेव्हा तिने आधी तोंडाला पदर लावला, मग पदर सुटला, आणि ती खोखो हसायला लागली. आमटी उतू गेली तरी तिचं लक्ष नव्हतं. इतका आनंद मला नोकरी लागल्यावरही झाला नव्हता. ती हसून दमली, डोळे पुसले, पळी हातात घेतली.

मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.